वरची झडप

पिंपाचा तळ गळून पडला तेव्हा मी ते घासत होतो. तेलाचं जुनं पिंप होतं, मधोमध कापून बिजागऱ्या लावलेलं, कोळसे घालायला बाजूला छोटं दार. मी आतून ब्रश फिरवला आणि बुडाचा पत्रा राखेसकट पायावर आला. पायात बूट होते म्हणून लागलं नाही. पत्रा भिंतीला टेकवून ठेवला, राख झाडली आणि आत जाऊन हात धुतले. बायको असती तर तिने आधी मला धारेवर धरलं असतं आणि मग पिंपाला.

ती गेली त्यानंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा सरला होता.

त्या पिंपात आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी मांस धुरावर ठेवायचो. सकाळी ठेवलं की दुपार टळल्यावर खायला मिळायचं. त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ यायचा. त्याची पन्नाशी उलटली तरी ती त्याला बारक्या म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तो काचा बसवतो. दुकानांच्या, घरांच्या, कुणी बोलावलं तर गाड्यांच्यासुद्धा. बोटांना कायम पट्ट्या चिकटवलेल्या. लग्न केलं नाही. सकाळी यायचा, बहिणीशी वाद घालायचा, पोटभर जेवायचा आणि डबा भरून घेऊन जायचा.

ती गेल्यावरही तो येत राहिला. पण आल्यावर काय करायचं ते दोघांनाही कळेना. मी बाहेरून काहीतरी मागवायचो. तो टीव्हीकडे बघायचा, मी टीव्हीकडे बघायचो. थोड्या वेळाने तो गुडघ्यांवर हात आपटून म्हणायचा, चला. गेल्या महिन्यात मी फोन केला तर म्हणाला, बघतो, जरा काम आहे. रविवारी कोण काचा बसवतं? मी फोन ठेवला तेव्हा मला कळलं की हे असंच सुटत जाणार. भांडण नाही, तंटा नाही. तो माझा मेहुणा तिच्यामुळे होता. आता तो माझा कोण, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आम्हाला मुलं झाली नाहीत. तिचा विषय निघाला की चेहरा न पाडता बोलू शकेल असा माणूस तो एकटाच उरला होता.

म्हणून मी नवीन बार्बेक्यू घ्यायचं ठरवलं. खायची इच्छा होती असं नाही. जेवायची वेळ झाली की मी जेवतो, एवढंच. पण रविवारी मागच्या अंगणात काहीतरी पेटलेलं असलं तर त्याला यायला कारण राहील, असं मला वाटलं.

मी त्याला फोन करून सांगितलं की पिंप गेलं, दुसरं काहीतरी निवडायला बरोबर ये. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला एकट्याला पाठवलं तर तुम्ही बादली घेऊन याल." बोलण्याची तऱ्हा हुबेहूब तिची होती. मी म्हटलं, शनिवारी ये.

मी बेकरीची गाडी चालवायचो, आता घरी असतो. किती पैसे खर्च करता येतील ते मी त्याला दुकानाच्या दारातच सांगितलं, म्हणजे आत गेल्यावर तोंड वाजवायला नको. तो म्हणाला, एवढ्यात बादली मात्र चांगली येईल.

दुकान मोठं होतं. रंग, खिळे, बागेच्या खुर्च्या, सगळं. विकणारी बाई आमच्याच वयाची, चष्मा दोरीने गळ्यात. धुरावर मांस करायचंय म्हटल्यावर ती आम्हाला गोल, झाकणवाल्या कोळशाच्या बार्बेक्यूंकडे घेऊन गेली. पहिला दाखवला तो चकचकीत, झाकणावर तापमानाचं घड्याळ, बाजूला टेबल, खाली राख गोळा करायचा डबा. बारक्याने किमतीची चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि बाईंना विचारलं, याच्याबरोबर भाजणारा माणूसपण देता का? बाई हसल्या. मीही ओठ हलवले.

मग सगळ्यात स्वस्त. तो मला लगेच आवडला, कारण निर्णय संपला असता. पण झाकण उचललं तर बिस्किटाच्या डब्यासारखं हलकं. बाईंनी स्वतःच नको म्हटलं. त्यांचं म्हणणं, धुरावर करायचं तर कोळसे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला राहील एवढी जागा पाहिजे. यात मांस कोळशांच्या डोक्यावरच बसतं. शिवाय इतक्या पातळ पत्र्यात उष्णता टिकत नाही आणि वरचा रंग पहिल्याच उन्हाळ्यात सोलून निघतो. पटकन काही भाजून खायचं असेल तर ठीक आहे, म्हणाल्या.

माझ्या पैशांत बसणारे मग दोनच उरले.

एक दुकानात मांडून ठेवलेला होता. जाड पत्रा, मुलामा चढवलेला, झाकण घागरीसारखं जड. जाळी दोन्ही बाजूंनी उचलता येत होती, म्हणजे मांस न हलवता कोळसे घालता आले असते. किंमत उतरवली होती, कारण झाकणावरची, धूर जायची झडप उघडी अडकून बसली होती. बारक्याने ती दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितली, हलेना. दुसरा नवा कोरा होता, पत्रा मध्यम, जाळी साधी. पण त्याची वरची झडप बोटाने फिरवली की घट्ट बंद व्हायची. आत उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. काचवाला माणूस, त्याला असं काही बसलेलं आवडतं.

"हाच," तो म्हणाला. "वरचं बंद झालंच पाहिजे. ताईचा हात सारखा तिथे असायचा."

मलाही तेच आठवत होतं. आमच्या घरी काम वाटलेलं होतं. पेटवायचं माझं. कोळशांवर राखेचा पांढरा थर चढला की मी बाजूला व्हायचो आणि पुढचं सगळं ती बघायची. ती मला कधी विचारायची नाही, मी तिला कधी विचारलं नाही. झाकणाच्या वर धूर जायला भोक होतं, त्यावर पत्र्याचं एक पान. जाता-येता तिचा हात त्या पानावर जायचा. निळं फडकं हातात धरून.

बाई म्हणाल्या, वरची झडप लोक बहुतेक उघडीच ठेवतात, हवा खालून कमीजास्त करतात. तो मांडलेला घेतलात तरी तुमचं काही अडणार नाही, उलट पत्रा चांगला आहे.

बारक्या म्हणाला, आमच्याकडे तसं नव्हतं.

मीही म्हणालो, आमच्याकडे तसं नव्हतं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून आमच्याकडे बघितलं आणि पावती केली.

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला. पाय जोडताना एक स्क्रू उरला. तो स्क्रू त्याने खिशात टाकला आणि म्हणाला, कंपनीने जास्तीचा दिला असेल, मनाच्या मोठ्या असतात कंपन्या. मी पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवले. ते नेहमीसारखे धरले. एका बाजूला ओतले, दुसऱ्या बाजूला पाण्याचा ट्रे, वर खांद्याचं मांस हाडासकट. फळझाडाच्या लाकडाचे तुकडे तिनेच वाळवून पिशवीत भरलेले होते, त्यांतले मूठभर कोळशांवर टाकले. झाकण लावलं. खालची झडप उघडी. बारक्याने वरची फिरवली आणि घट्ट बंद केली.

"आता बघा," तो म्हणाला, "धूर जाईल कुठे?"

धूर झाकणाच्या कडेने यायला लागला. जाड, पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. आम्ही खुर्च्या मागे घेतल्या. कोळसे मंदावतात असं वाटलं की झाकण उचलायचो. कोळसे फुलायचे, आम्हाला बरं वाटायचं, परत झाकायचो. सगळी दुपार असं चाललं.

मधल्या वेळात त्याने मला एक गोष्ट सांगितली, मी कधी न ऐकलेली. लहानपणी तिने शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडली होती आणि नाव याचं सांगितलं. वडिलांनी याला बडवलं आणि वर काचवाल्याला नेऊन काच बसवून यायला पाठवलं. काचवाल्याने याच्याकडून काच धरून घेतली, मग पुढच्या वेळी परत बोलावलं. म्हणजे माझा धंदा तुमच्या बायकोने लावून दिला, तो म्हणाला. मी विचारलं, तिने कधी कबूल केलं का? तर म्हणाला, छे हो, शेवटपर्यंत म्हणत होती की काच आधीच तडकलेली होती.

तो हसला. मी त्याच्याकडे बघत होतो. हसायला हवं हे मला कळत होतं. मी ट्रेमधलं पाणी बघायला उठलो.

मांस काढलं तेव्हा ते बाहेरून काळं झालं होतं, हाताला डांबरासारखं चिकटत होतं. मी कापलं, त्याला वाढलं, मला घेतलं. पहिला घास कडू लागला. नुसता कडू नाही, दात काढताना डॉक्टर हिरडीत औषध टोचतात आणि मग जीभ आपली वाटत नाही, तसं. माझीच जीभ बिघडली असेल म्हणून मी काही बोललो नाही. गेले कित्येक महिने मला कशाची चव नीट कळलेली नव्हती.

बारक्या चावत होता. बराच वेळ चावत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो आता म्हणेल, छान झालंय भाऊजी. तसं म्हणाला असता तर सगळं संपलं असतं. छान झालंय म्हणणारा पाहुणा असतो. पाहुणा ताट संपवतो, हात धुतो, आणि पुढच्या वेळी त्याला काम निघतं.

त्याने घास गिळला, पाणी प्यायला, ताट खाली ठेवलं.

"भाऊजी, हे कुत्रंसुद्धा खाणार नाही."

"कडू आहे ना?" मी विचारलं.

"कडू? मी वर्षभर काचेची पुट्टी खाल्ली असती तरी तोंडाची अशी वाट लागली नसती. तुम्ही काय घातलंत यात?"

"मी काय घालणार? झडप तू बंद केलीस."

"ताई बंदच करायची."

"तू बघितलंयस?"

"तिचा हात बघितलाय मी. तुम्ही नाही बघितला?"

"हात मीही बघितलाय."

तिचा हात दोघांनी इतक्या वेळा बघितला होता, आणि तो पान उघडत होता की लावत होता हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. बारक्या उठला. झाकणासमोर उभा राहिला आणि ती धरायची तसं फडकं धरलं, दोन बोटांत, बाकीचं मनगटावर टाकून. मी त्याला म्हटलं, ती उजवीकडून यायची, स्वयंपाकघराच्या दारातून. तो उजवीकडे गेला आणि तिकडून चालत आला. हात वर नेला. थांबला.

"त्या पिंपाचं पान ढिलं होतं ना?" तो म्हणाला.

ढिलं होतं. मीच खिळा ठोकून बसवलं होतं आणि वारा आला की ते आपोआप भोकावर सरकायचं.

"मग ती उघडत होती, भाऊजी. ते सारखं झाकलं जायचं आणि ती सारखी उघडायची."

मी मान हलवली. दुसरं काही असू शकत नव्हतं.

"आणि आपण उघडी अडकलेली झडप सोडून ही घेतली," तो म्हणाला. "ती बाई सांगत होती. तोंडावर सांगत होती. आणि आपण दोघं शहाणे, आमच्याकडे तसं नव्हतं."

तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पट्ट्या लावलेल्या बोटांनी त्याने ते पुसलं आणि परत हसला. नंतर थोडा वेळ तो हसत नव्हता, तरी बोटं डोळ्यांवरच होती. मी त्याला पाणी दिलं.

मग त्याने वरची झडप पूर्ण उघडली. काळं मांस पाटीत काढलं, जाळी तारेच्या घासणीने खरवडली. कोळसे कितपत आहेत ते त्याने वाकून बघितलं. कोळशांची अर्धी पिशवी अजून शिल्लक होती.

"खाटीक उघडा असेल ना?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, अंधार पडेपर्यंत असतो. पण आता आणलंस तर जेवायला उशीर होईल, उद्या तुला कामावर जायचंय.

"होऊ दे," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी मी जाणार नाही. गाडीची किल्ली द्या."

मी किल्ली दिली. हाडाचा मोठा तुकडा आणू नकोस म्हणालो, पातळ घे, लवकर होईल. तो म्हणाला, कळतंय मला, आणि निघाला. फाटक त्याने उघडंच टाकलं.

मी खुर्ची बार्बेक्यूजवळ घेतली. आता वरून धूर येत होता, पातळ, निळसर, मागची भिंत त्यातून दिसत होती. मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. नुसता बसलो होतो. पण कोळसे विझू द्यायचे नव्हते. मी चिमट्याने चार नवे कोळसे जुन्यांच्या कडेला लावले आणि खालची झडप जराशी ओढून घेतली, म्हणजे तो येईपर्यंत टिकतील.