डावीकडचं इंग्रजी

फक्रुद्दीननं चपला जिन्यातच काढल्या आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदांपुढं येऊन उभा राहिला. त्यातला एक त्यानं अक्षरावरनं ओळखला.

"ह्यो आमच्या नसरीनचा न्हवं?"

"तिचाच. ह्या आठवड्यात पहिला आलाय," प्रसेनजीत म्हणाला.

"खाली यशराजची आई म्हणाली, तुमच्या लेकीनं तुमाला पार रिक्षा करून टाकलंय. म्हटलं, बघूनच यावं."

राजारामपुरीतला तो इंग्रजीचा क्लास सुटायला दहा मिनिटं होती. आत सातवीची पोरं माना खाली घालून सराव पेपर सोडवत होती. त्यातली सहाजण फक्रुद्दीनच्या रिक्षानं कसबा बावड्याला जायची, नसरीन आणि यशराज धरून.

प्रसेनजीत स्वतः मुरगूडच्या मराठी शाळेतला. इंग्रजी त्यानं जुन्या बाजारातल्या व्याकरणाच्या पुस्तकांवर एकट्यानं शिकून घेतलेलं. क्लासात त्याचा एकच नियम होता. सिमिली असो नाहीतर मेटाफर, उपमा असो की रूपक, उदाहरण गाइडातलं चालणार नाही, घरातलं पाहिजे. चांगली असतील ती शनिवारी जिन्यातल्या भिंतीवर.

"आधी एक सांगा सर," फक्रुद्दीन बाकावर टेकला. "पोरगी वाटभर इंग्लिश बोलती. बफेलो ऑन द लेफ्ट. स्कूटर ऑन द लेफ्ट. ओल्ड मॅन ऑन द लेफ्ट. तुमी राइट कवा शिकवणार हाय?"

प्रसेनजीत हसला. "प्रेपोझिशन चाललंय. करत असेल पाठ."

"करू दे, करू दे. तेवढंच मलाबी याय लागलंय." त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली, फोटोला बसावं तशी. "हां, वाचा. मराठीत."

"माझे अब्बा म्हणजे एक जुनी रिक्षा आहेत."

फक्रुद्दीन मांडीवर थाप मारून हसला. "जुनी म्हणं! आणि हॉर्न? हॉर्न न्हाय लिवला?"

"लिहिलाय की. हॉर्न मोठा आहे, पण कुणाला लागत नाही."

"बराबर हाय. फुडं?"

"एक दिवा लागत नाही. तरी त्यांना सगळा रस्ता पाठ आहे."

फक्रुद्दीनचा हात मांडीवर तसाच राहिला. त्यानं कागदाकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं.

"कुठला दिवा, ते लिवलंय?"

"नाही. एक दिवा, एवढंच."

"सर, ह्यो कागद काढा."

प्रसेनजीतला वाटलं, माणूस दुखावला. तो घाईघाईनं समजावायला लागला. "अहो, ह्यात अपमान नाही. मेटाफर म्हणतात ह्याला. 'रिक्षासारखे' न म्हणता सरळ 'रिक्षा' म्हणायचं. दिवा म्हणजे आपलं वय, दमणं, असं काहीतरी. आख्ख्या वर्गात असं कुणाला जमलं नाही."

"अपमानाचं न्हाय ओ. काढा तेवढा."

खालच्या गाड्यावरचा चहा आला होता. प्रसेनजीतनं एक ग्लास त्याच्या डाव्या हाताशी, बाकावर ठेवला. "चहा तरी घ्या आधी."

"कुठं हाय?" फक्रुद्दीननं उजवीकडं बघितलं, मग समोर. वळता वळता कोपर लागलं आणि ग्लास खाली गेला. चहा फरशीवरनं जिन्याच्या पायरीपर्यंत वाहत गेला. 

मग प्रसेनजीतनं पुन्हा कागद बघितला. लाल पेनानं त्यानं 'अ ओल्ड'चं 'ॲन ओल्ड' केलं होतं. 'लाइट'चं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं. वर मोठा तारा काढून 'एक्सलंट' लिहिलं होतं. आणि चार दिवस तो कागद इथं लावून ठेवला होता.

"कधीपासनं?" त्यानं हळू विचारलं.

"दिवाळीपास्नं. आधी धुकं आल्यागत दिसायचं. आता तेबी न्हाय." फक्रुद्दीननं रुमाल काढला आणि वाकून फरशी पुसायला लागला. "कुणालाच सांगितलं न्हाय. तिच्या आईलाबी न्हाय. कळलं तर रिक्षात पोरं कोण बशिवणार?"

"राहू द्या, मी पुसतो." प्रसेनजीतनं त्याच्या हातातला रुमाल घेतला. "नसरीन कुठं बसते रिक्षात?"

"पयला मागं बसायची, मैत्रिणींत. हल्ली फुडं बसती. म्हटलं, वारं लागतंय म्हणून बसत आसंल." तो थांबला. त्याचा डावा हात आपोआप बाजूला गेला, शेजारी कुणी बसलेलं असावं तसा. "ह्या अंगाला."

आत बाकं सरकायला लागली होती. फक्रुद्दीननं मोबाइल काढून स्टॉपवरच्या दुसऱ्या रिक्षावाल्याला फोन लावला.

"गणपू, स्टॉपवर हायस? क्लासपाशी ये चालत. माझी रिक्षा घिऊन पोरं बावड्याला सोडायची हायती. न्हाय रं, रिक्षा झकास हाय. माझाच डावा दिवा गेलाय. उद्या डोळ्याच्या दवाखान्यात जायाचंय."

फोन ठेवून तो प्रसेनजीतकडं वळला. "यशराजच्या आईला अन् बाकीच्यांना मीच सांगतो. तुमी नगा. आणि कागद फाडू नगा. आज घरात वाचाय लावतो तिला. सगळ्यांसमोर."

प्रसेनजीतनं चारी कोपरे नखानं सोडवले, घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.

खाली गणपूनं रिक्षा चालू केली. नसरीन सवयीनं पुढं चढायला गेली, तर फक्रुद्दीननं हात धरून तिला मागं, आपल्या शेजारी घेतलं. पोरं दाटीवाटीनं सरकली.

"काका, तुम्ही आज पॅसेंजर?" यशराज ओरडला.

"व्हय. हळू घे म्हणावं तुमच्या ड्रायव्हरला."

रिक्षा निघाली आणि लगेच थांबली. डाव्या बाजूनं एक म्हैस निवांत रस्त्यात येत होती. नसरीनचं तोंड उघडलं. मग तिनं गणपूकडं बघितलं, अब्बांच्या खिशातनं डोकावणाऱ्या कागदाकडं बघितलं, आणि गप्प बसली.

"बोल की," फक्रुद्दीन म्हणाला. "डावीकडं आता गणपूमामा बघतोय. तू राइटचं सांग."

नसरीननं मान उजवीकडं वळवली. दुकानं होती, क्लासांच्या पाट्या होत्या, फुगेवाला होता. ती बघतच राहिली. कित्येक दिवसांत ह्या बाजूला तिनं बघितलंच नव्हतं.