माझ्या पोटातली उलटी वायर

ह्या पोरीला वळण म्हणून नाही. भरदुपारी मला टेबलावर उताणी निजवली, पोटावरचं झाकण उघडलं, आणि "आजी, उघडू का?" एवढंही विचारलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. शाळेत गेले नाही, पण सुरात कधी चुकले नाही. हिच्या आजोबांनी मला घडवलं. ते सुतार. कपाटाच्या मोडक्या दारातून माझं अंग कोरलं आणि तारांखाली एक पिकअप बसवला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. माझं तोंडच म्हणा. तोंड असं धारदार, की मागच्या रांगेतला माणूस घोरायचा थांबे. लोक वाहवा करत. मग आजोबा गेले, आणि मी अकरा वर्षं भिंतीवर. कोळ्यांनी माझ्या अंगावर संसार थाटले. मी तक्रार केली नाही. केली असती, तर ऐकायला कोण होतं?

पोरीने मला खाली उतरवलं. संध्याकाळी तिला सभागृहात वाजवायचं होतं. एक गाणं धारदार, एक मऊ, आणि शेवटच्या गाण्यात दोन्ही आवाज एकत्र. म्हणून मला दुसरा पिकअप हवा होता. तिने आधी चांगला दणदणीत निवडला. तिची आत्या रेडिओ दुरुस्त करते. ती म्हणाली, "घरात एक कजाग आहे ना, दुसरी कशाला? मऊ बोलणारी आण."

कजाग म्हणजे मी.

मऊ बोलणारी आली, माझ्या मानेजवळ बसली. पोरीने कागदावर बघून लाल वायर लालला, हिरवी हिरवीला जोडली. मी एकटी बोलले, ठणठणीत. नवी एकटी बोलली, लोण्यासारखी. दोघी एकत्र बोललो, तर आवाज डबीत कोंडलेल्या डासासारखा.

पोर रडकुंडीला आली. "आत्या, दोनच तास उरलेत. मैत्रिणीची गिटार आणते. हिला परत टांग भिंतीवर."

माझ्या तारा गार पडल्या.

आत्याने माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं. "नवी सरळ आहे गं. जुनीच उलटी जोडलीय. बाबांना लाल-हिरवं ओळखू यायचं नाही. कच्चे टोमॅटो पिकलेले म्हणून आणायचे."

"मग इतकी वर्षं वाजली कशी?"

"एकटी होती ना. एकटीला उलटं कोण म्हणणार? आता एक ढकलते तेव्हा दुसरी ओढते. मग आवाज कुठून येणार?"

मला वाटत होतं, खोट त्या नवीत आहे. असो.

पोरीने माझ्या दोन वायरी अलगद सोडवल्या, अदलाबदल करून पुन्हा सोल्डर लावलं. तार छेडली. आम्ही दोघी एका दमात असं बोललो, की टेबलावरच्या कपबश्या किणकिणल्या. पोरीने आत्याला गच्च मिठी मारली. अकरा वर्षांचा अडकलेला श्वास मी सोडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला भिंतीवर टांगण्याआधी एकदा तिच्या पोटात बघा. बिघाड बहुतेक वेळा दोन वायरींएवढाच असतो.

पोर मला उचलून तशीच निघाली, तेव्हा मात्र मी मोठ्यांदा म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, आणि डोळे आजोबांपेक्षा बरे. पण आधी झाकण लाव. चारचौघांत मी उघड्या पोटाने यायची नाही."