भोंग्याच्या ओठावरचा पोचा

मित्रांनो, डोळे मिटा आणि चिखलीतलं एक चिंचोळं दुकान डोळ्यांसमोर आणा. बॅटऱ्या, वायरी आणि भिंतीला टांगलेला मी. मी एक जुना भोंगा आहे. माझ्या ओठावर पोचा आहे आणि पोटात राग आहे.

कादरचाचांनी मोडक्या भोंग्यांचे भाग जोडून मला उभं केलं. लग्नात माझा आवाज शिवेपलीकडे जाई. निवडणुकीत दोन्ही बाजू मलाच आळीपाळीने भाड्याने नेत. म्हणून चाचांचा नियम होता : पक्षाचा बिल्ला उंबऱ्याबाहेर काढायचा, आत निवडणुकीचं नाव घ्यायचं नाही.

त्यामुळेच सोजरा आणि भाऊराव एका बाकावर बसले. ती एका उमेदवाराची मुलगी, तो विरोधी उमेदवाराचा धाकटा भाऊ. दोघांनीही थाप मारली, की घरी लग्न आहे, भोंगा ठरवायला आलो. ती पुष्पा झाली, तो रवी. पुढे माझ्यात काही बिघाड नसतानाही दोघं माझी चौकशी करायला येऊ लागली.

मग एका संध्याकाळी उंद्री गावाच्या चौकात भाऊरावने माझ्यातून सोजराच्या वडिलांना नळाचे पाइप विकून खाणारा चोर म्हटलं. ते धादांत खोटं होतं. लोक हसले. मी आतून जळत होतो, पण मला तोंड आहे, जीभ नाही. चौकाजवळच्या घरात बसलेल्या सोजराने तो आवाज ओळखला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.

"माह्या बापाले चोर काऊन म्हटलं?"

भाऊराव म्हणाला, "तो तुहा बाप हाये, हे मले मालूम नव्हतं."

"मंग दुसऱ्या कोणाचा बाप असता, त चाललं असतं काय?"

 पुढच्या सभेत भाऊरावने त्याच चौकात आपलं खरं नाव सांगितलं आणि आपण खोटं बोललो हेही सांगितलं. त्याच्याच माणसांनी दगड मारला. तो माझ्या ओठाला लागला, हाच तो पोचा. भावाने त्याला घराबाहेर काढलं. सोजराचा राग मात्र वर्षभर टिकला. तो ओसरला, तेव्हा लग्नाची थाप खरी झाली आणि चाचांनी मला फुकट वाजवलं.

नंतर डीजे आले. मी माळ्यावर धूळ खात पडलो. यंदा निवडणुकीसाठी मला खाली काढून ऑटोवर बांधलं आणि तोंडात पुन्हा तीच घाण भरली. मित्रांनो, मला गंजू द्या, पण माझ्यात खोटं ओतू नका.

काल त्या ऑटोत सोजराबाईंची नात प्रतीक्षा बसली होती. एका कार्यकर्त्याने फिरवून आणतो म्हणून तिला चढवलं, छातीवर बिल्ला लावला आणि हातात माईक दिला. "म्हण वं पोरी, अकील चोर हाये."

अकील म्हणजे समोरचा उमेदवार आणि शाळेत तिच्या शेजारी बसणाऱ्या अदीबाचे अब्बा.

प्रतीक्षाने बिल्ला काढून त्याच्या हातावर ठेवला. मग माईक तोंडाशी धरला.

"मी प्रतीक्षा. अदीबाच्या अब्बाले चोर म्हण, असं मले सांगून राह्यले. मी काही पाह्यलं नाही. मी म्हणत नाही."