कृपादान सरांचा नो क्लेम बोनस

कृपादान सर गाडी घेऊन निघाले की मागच्याने सरळ दुसरा रस्ता धरावा. पारनेरहून सुप्याला जायला लोकांना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट सरांना लागायचा, आणि वर त्याचा अभिमान. शाळेतून निवृत्त झाले, पण शिस्त काही निवृत्त झाली नाही. बाजाराच्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही, लग्नाच्या मांडवाजवळ लावायची नाही, चिंचेखाली तर नाहीच नाही. मग गाडीला ओरखडा येणार कुठून?

या सगळ्याच्या मुळाशी होता विम्याचा बोनस. वर्षभर कंपनीकडे नुकसानभरपाई मागितली नाही, की पुढच्या वर्षी हप्त्यात सूट. ही सूट वाढत वाढत सरांच्या बाबतीत पार निम्म्यापर्यंत पोचली होती. एकदा कांद्याचा टेम्पो मागे येता येता दार चेपून गेला, तेव्हाही सरांनी कंपनीचं दार ठोठावलं नाही. बायकोने, स्टेलाबाईंनी, शिवणयंत्रासाठी साठवलेले पैसे सरांनी घेतले आणि दार सरळ करून आणलं. बायको आठवडाभर धड बोलली नाही, पण बोनस शाबूत राहिला. आता काय म्हणावं अशा माणसाला?

लेकीच्या, नॅन्सीच्या बाबतीतही तेच. गाडी शिकायची म्हटल्यावर सर म्हणाले, "माझ्या गाडीवर नको. ड्रायव्हिंग स्कूलला जा." ती बिचारी तिकडे शिकली, लायसन्स काढलं, सुप्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली. पाळी सुटली की घरी यायला वाहन मिळेना. कधी कुणाच्या मोटारसायकलवर, कधी दुधाच्या गाडीत. असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल, असं ती म्हणाली, तेव्हा सरांचं मन द्रवलं. गाडी लेकीला द्यायची ठरली.

आता द्यायची म्हणजे दुसऱ्या कुणी काय केलं असतं? किल्ली हातावर ठेवली असती, मिटलं. पण हे कृपादान सर. नॅन्सीच्या वाढदिवसाच्या उपकारस्तुतीला चर्चमध्ये उभे राहिले आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाले, ही गाडी मी माझ्या लेकीला देतो. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. आणि देवासमोर दिलं म्हणजे कागदावरही द्यायला हवं, म्हणून सरांनी आरटीओत खेटे घालून गाडी तिच्या नावावर केली. "बोनसही तुझाच," ते तिला म्हणाले. "नव्या पोरांना एवढी सूट मिळत नसते. तुला आयती मिळतेय." गाडीपेक्षा त्यांना याचंच कौतुक जास्त होतं.

जुना विमा संपत आला तसा शनिवारी सुनील घरी आला. विम्याची कामं करायचा, आणि सरांचाच विद्यार्थी. सोमवारपासून नॅन्सी गाडी घेऊन जाणार होती. सुनीलने मोबाईल पुढे केला. सरांनी हप्त्याचा आकडा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच.

"हे जेसीबीचं आणलंस का रे?"

"गाडीचंच हाय, सर."

"मग माझी सूट कुठंय?"

सुनील चुळबुळला. "सर, बोनस गाडीचा नसतो. मालकाचा असतो. आता मालक नॅन्सीताई. त्यांची पाटी कोरी. नवीन मालकाला पहिलीपासूनच सुरुवात."

सरांच्या कानशिलात कुणी वाजवली असती तरी ते एवढे सुन्न झाले नसते. "अरे, परक्याला विकली का मी? पोटची पोर आहे माझी. वारस आहे."

"वारसाला मिळतो की बोनस," सुनील बोलून गेला. "पन वारसाला कधी, सर... तुमी हाय ना अजून."

स्टेलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. सुनीलचा चेहरा शाळेत छडी खाताना व्हायचा तसा झाला.

"म्हणजे मी मेलो असतो तर मिळाला असता," सर हळूच म्हणाले.

"तसा नियम हाय. मी न्हाई केला, सर."

आणि मग सरांच्या तोंडून ते निघालं. "मग तेव्हा किती भरावे लागले असते?"

विचारलं आणि स्वतःच दचकले. आपण आपल्या मरणाचा भाव विचारला, तोही बायकोसमोर. स्टेलाबाईंनी ट्रे असा आदळला की चहा बशीत सांडला.

"विचारा, विचारा," त्या म्हणाल्या. "स्वस्तात पडत असेल तर बघू."

सुनीलने घाईघाईने तोडगा काढला. "येक करता येईल. गाडी परत सरांच्या नावावर करा. ताई चालवू द्यात. कायद्यात बसतं, बोनस परत मिळतो. लोक असंच करत्यात."

सरांना एकदम हायसं वाटलं. ते आशेने लेकीकडे वळले. मंडळीसमोर दिलेली वस्तू परत घ्यायची, हेही त्या क्षणी त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

नॅन्सीने गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घ्या, पप्पा. मी दुधाच्या गाडीनं येईन."

"अगं, चालवणार तूच की."

"तुमच्या नावावर असेपर्यंत मला कधी हात लावू दिलात? मी मागं बसून सँडविच खाल्लं तरी सीट पुसायचात. मला गाडी येते पप्पा, पण हात बसला नाही. तुम्ही शेजारी बसून शिकवलं असतं तर बसला असता. बोनस जाईल म्हणून नाही बसलात."

ती रागाने बोलली असती तर सरांनी दटावलं असतं. पण ती सरळ बोलली. ज्या बोनससाठी लेकीला गाडीपासून लांब ठेवलं, तो लेकीला मिळणारच नव्हता. त्यांना फार लाज वाटली.

त्यांनी किल्ली उचलली आणि तिच्यापुढे सरकवली. "सुनील, तिच्या नावानं कर. जे काय होईल ते पूर्ण."

रविवारी उपासनेला निघताना पॉलिसी नॅन्सीच्या मोबाईलवर आलेली होती. ती स्टिअरिंगवर बसली, सर पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर. गेटातून बाहेर पडताना खर्र असा आवाज झाला आणि गाडी थांबली. खांबाने मागच्या दारापर्यंत लांबलचक ओरखडा काढला होता.

सर उतरले. ओरखड्यावरून बोट फिरवलं. पायरीवरून स्टेलाबाई बघत होत्या, नॅन्सी स्टिअरिंग धरून बसली होती.

"भरपाई मागू का, पप्पा?"

"नको. तुझा पहिलाच बोनस जाईल."

"या खेपेला शिवणयंत्राचे पैसे मिळायचे नाहीत," स्टेलाबाईंनी पायरीवरून बजावलं.

सर परत डाव्या सीटवर येऊन बसले आणि पट्टा लावला. "माझे जातील," ते म्हणाले. "मी आहे ना अजून. चल, पहिला गिअर टाक."