वाघिणीचा वाटा

"वाघिणीक वाटो होयो? मगे तिका दोर ओढूक घेवन ये," दाजी तांडेल म्हणाले, आणि तारकर्लीच्या पुळणीवर आम्ही सगळे रापणकर पोट धरून हसलो.

वाटा मागायला आलेला बाबली मात्र हसला नाही. जवळच्या बागेतल्या जनावरांची देखभाल करणारा हा माणूस मूळचा फोंडाघाटाकडचा, समुद्राला बिचकणारा. बाग एका हौशी शेटने उभारलेली. शेट वारले, कारभार कमिटीकडे आला, आणि साठ साली कमिटीने हात आखडता घेतला. हरणं कोल्हापूरला गेली, मोर देवळाला दिले. उरली एक म्हातारी बिबट्याची मादी. आमच्या तोंडी ती वाघीणच. तिचं मटण बंद झालं. उपाशी मारण्यापेक्षा गोळी घालावी, असं कमिटीत घाटत होतं.

"मासो खाता ती," बाबली म्हणाला. "काल बांगडो घातलंय, चाटून पुसून खाल्ल्यान. तिच्या बदल्यात दोर मी ओढतलंय."

रापणीची रीत साधी. होडीतून जाळं समुद्रात सोडायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, आणि जो दोराला हात लावील त्याला वाटा. दाजींना नाही म्हणता येईना.

बाबली दोराला लागला. त्याचे तळहात सोलून निघाले. लाट पायाशी आली की तो मागे सरायचा आणि आम्ही त्याला यथेच्छ चिडवायचो. पण मासळी घेऊन तो थेट बागेत जायचा. पावसाळ्यात रापण बंद, तेव्हा खाडीत गरी टाकून बसायचा. हरणांच्या रिकाम्या वाड्याच्या आणि पिंजऱ्याच्या मधली जाळी त्याने काढली, वर आमच्या जुन्या जाळ्यांचं छत घातलं. जन्मभर कोपऱ्यात बसलेली वाघीण उन्हात लोळू लागली. मालवणहून माणसं बघायला येऊ लागली, कमिटीही आली, आणि गोळीचा विषय मागे पडला. खरं सांगतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी तीन वर्षं गेली. एका सकाळी बाबली आमच्याही आधी पुळणीवर हजर होता. जाळं वर येईपर्यंत ओढत राहिला. मासळी बरी लागली होती. दाजींनी वाटे घातले आणि त्याच्या ढिगावर एक सुरमई जास्तीची टाकली.

"वाघिणीक घाल."

"वाघीण काल सांजेक गेली," बाबली म्हणाला.

दाजींनी हळूच विचारलं, "मगे आज दोर कित्याक ओढलंस रे?"

बाबलीने पंच्याला हात पुसले. "तीन वर्सां तुमी तिका पोसलात. आजचो वाटो तुमच्यात घाला."

आणि तो चालू लागला. त्याचा ढीग वाळूवर तसाच पडून होता. त्याला हात लावायला आमच्यातलं कोणी पुढे होईना.