कंबरेला दोन इंच जास्त

कपाटातलं पॅडचं पुडकं अजून फोडलेलंच नव्हतं. आईने ते तिसऱ्यांदा उलटंपालटं करून पाहिलं. लेकीची तारीख उलटून छत्तीस दिवस झाले होते. लेक मात्र रोज पहाटे पळायच्या सरावाला जात होती आणि हसत परत येत होती. ते हसणंच आईला खुपत होतं.

"परीक्षेचं टेन्शन असेल," काज-बटणं करणारी मावशी दोरा तोडत म्हणाली. "थायरॉईडनेही लांबते. माझी तर एकदा..."

"तुझं राहू दे. हिचा कधी एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही."

"मग सरळ विचार की तिला!"

"आणि खरं निघालं तर?"

आईने विचारलं नाही; लेकीच्या नव्या ड्रेसचं कापड कापलं. बावीस वर्षांच्या शिवणकामात माप घेतल्याशिवाय तिने कधी कात्री चालवली नव्हती. यावेळी वहीतलं कंबरेचं जुनं सत्तावीस पाहिलं आणि मनानेच दोन इंच वाढवले.

संध्याकाळी लेकीने ड्रेस घातला. तो कंबरेला पोत्यासारखा लोंबला. तोंडात टाचण्या धरून आईने टेप लावला. पंचवीस. पुन्हा लावला. पंचवीसच.

लेक आरशातून तिच्याकडे बघत होती. "आई, तुझं माप चुकत नाही. हा कुठल्या पोटासाठी कापलास?"

आईने टाचण्या तोंडातून काढल्याच नाहीत.

"तसलं काही नाहीये, तुझी शप्पथ! वजन उतरव, मग संघात घेतो, असं सर म्हणाले. म्हणून डबा मी मैत्रिणीला देते. पाळी येईना, तर म्हटलं बरंच झालं, पळताना कटकट नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी गर्भाची तपासणी केली. काही नव्हतं. मग त्यांनी जेवणाचं आणि पळण्याचं विचारलं. "उपाशीपोटी एवढं पळलं की शरीर आधी पाळी थांबवतं. हाडंही ठिसूळ होतात. सराव कमी, जेवण पोटभर. हिच्या सरांना मी चिठ्ठी देते."

परतीच्या वाटेवर लेक आईच्या चार पावलं पुढे चालत राहिली.

त्यानंतर आठवडाभर डबा रिकामा यायचा, आणि लख्ख घासलेला. आठव्या दिवशी आई तो हातात धरून उभी राहिली. आजवर या पोरीने डबा कधी घासून आणला नव्हता.

"पोटभर जेवलीस?"

"हो."

आईने खुंटीवरचा टेप काढला.

"इकडे ये बरं."