तिलौ म्हणून घातलेला हात

सुवा शहरातल्या त्या कपड्यांच्या कारखान्यात सुटीचा भोंगा झाला की उनाइसी दचकायची. बाकीच्या बायका घरी निघायच्या आणि हिची खरी नोकरी तेव्हा सुरू व्हायची. फाटकाशी उभं राहून प्रत्येकीची झडती घ्यायची.

झिपांची पाकिटं चोरीला जात होती. जात होती, नाही कोण म्हणतंय? पण कारखाना सांभाळणाऱ्या कोरोई साहेबांचा उपाय पाहा. पिशव्या तपासून झाल्या, खिसे झाले, आता म्हणे बायकांच्या दाट केसांत हात घालून बघा. साहेब काही परमुलखातले नव्हते. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा नसतो, तो मोठा अपमान, हे तेही आईच्या मांडीवरच शिकलेले. बसलेल्या माणसाच्या जवळून जायचं तरी इथं वाकून ‘तिलौ’ म्हणतात, म्हणजे माफी असावी.

उनाइसीही केसांत हात घालताना ‘तिलौ’ म्हणायची. पहिल्या दिवशी तिला रडू आवरलं नव्हतं. पुढं पुढं तो शब्द तोंडातून नुसता पडायला लागला. नवरा पाय मोडून घरी पडलेला, पोरं लहान. नोकरी गेली तर खायचं काय, या धाकानं तिचा हात चालत राहिला.

आणि एके दिवशी रांगेत अकेनेता आत्या उभी. बापाची थोरली बहीण, हिला लहानाची मोठी केलेली. त्याच सकाळी शिलाईवर लागली होती. उनाइसीनं सवयीनं हात उचलला. ‘तिलौ’ म्हणायला गेली, तर शब्द फुटेना.

“घाल गं हात,” आत्या हळूच म्हणाली. “पोरांच्या तोंडचा घास जाईल. मी गावात कुणाला सांगायची नाही.”

आणि त्या म्हातारीनं आपण होऊन मान खाली घातली. ते पांढरं डोकं आपल्यापुढं वाकलेलं उनाइसीला बघवेना. तिनं हात मागं घेतला.

“आत्याबाईंना सूट वाटतं?” साहेब मागून आले. “म्हणजे दोघी मिळून माल लांबवताय.”

उनाइसी वळली. “साहेब, उद्या तुमची आई या रांगेत आली, तर तिच्याही केसांत घालू हात?”

“उद्यापासून कामावर येऊ नकोस,” साहेब म्हणाले, आणि स्वतःच आत्याकडे निघाले.

उनाइसी आत्याच्या पुढ्यात खाली बसली, थोरांपुढं बसतात तशी. तिच्यामागं दुसरी बसली, तिसरी बसली, बघता बघता सगळी रांग आत्याभोवती जमिनीवर. उभी राहिली ती एकटी अकेनेता. तिच्यापर्यंत पोचायचं तर बसलेल्या बायकांमधूनच जायला हवं होतं. साहेबांनी पाऊल उचललं, सवयीनं ते कमरेत वाकले आणि तोंडून निघून गेलं, “तिलौ.”

सगळ्यांनी ते ऐकलं. साहेबांनीही ऐकलं. पुढं केलेला हात त्यांनी खिशात घातला आणि ते आत निघून गेले.

केसांची झडती बंद झाली. उनाइसीला मात्र कुणी परत बोलावलं नाही. ती बाजारात कसाव्याचे कंद विकते, आणि भोंगा वाजला की अजून दचकते. चोर पकडावा, जरूर पकडावा. पण तुमच्याही कारखान्याला फाटक असेल. तिथं रोज संध्याकाळी कोण कुणापुढं मान खाली घालतं, ते एकदा उभं राहून बघा.